निरोप पोचला का?

बालमित्रांनो, तुमच्या घरी कॉलेजात जाणारा दादा किंवा ताई आहे का? असेल, तर हे दृश्य तुमच्या चांगलंच ओळखीचं असणार. ताटात वरणभात निवत चाललाय आणि ताईचा अंगठा मोबाइलवर टुकटुक करतोय. 'टिंग!' वाजतं, ताई खुदकन हसते. पुन्हा 'टिंग!', आता तिच्या कपाळाला आठी. शेवटी आई ओरडते, "अगं, ठेव तो मोबाइल बाजूला! एवढं काय असतं त्यात?"

"अभ्यासाचं आहे गं, आई!"

आईचा काही त्यावर विश्वास बसत नाही. तुमचाही बसत नसेल. पण ताई अगदीच खोटं बोलत नाही हं! अर्धं तरी खरं बोलते. तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला काय ठाऊक? सांगते. मी पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवणारी बाई असले, तरी मोठेपणी पुन्हा तीन वर्षं विद्यार्थिनी झाले होते. त्या तीन वर्षांत हे 'टिंग' मी रात्रंदिवस ऐकलं. त्यानं मला पास व्हायला मदत केली आणि त्याच्याच नादात माझ्या हातून एक मोठी चूकही झाली. आज दोन्ही गोष्टी सांगणार आहे.

बाईंनी पुन्हा दप्तर घेतलं

बारावीनंतर मी डी.एड. केलं. लगेच नोकरी लागली आणि पदवी राहून गेली. ती हुरहुर मनात होतीच. शेवटी २०१६ साली मी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं.

नाशिकच्या मुलांना हे विद्यापीठ माहीत असेल. गंगापूर रोडनं धरणाच्या दिशेनं निघालं, की गोवर्धन गावाजवळ त्याचं आवार लागतं. आवाराचं नाव 'ज्ञानगंगोत्री'. पूर्ण नाव यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. यशवंतराव चव्हाण म्हणजे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. नाशिकशी त्यांचं खास नातं होतं. १९६३ साली ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. हे विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं आणि डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीदवाक्य.

आता 'मुक्त' म्हणजे काय? इथं रोज वर्गात जाऊन बसायचं नसतं. पुस्तकं घरी वाचायची, सुटीच्या दिवशी जवळच्या अभ्यासकेंद्रावर शिकवणीला जायचं आणि परीक्षा द्यायची. म्हणून नोकरी करणारे, शेती करणारे, घर सांभाळणारे असे सगळे इथं शिकू शकतात.

किती छान, नाही? पण यात एक अडचण आहे. तुम्हाला वर्गात एखादं गणित अडलं, तर तुम्ही काय करता? शेजारच्याच्या वहीत डोकावता! (मला सगळं दिसतं हं.) मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला शेजारच नसतो. रात्री अकरा वाजता, घरातलं सगळं आवरून, तो एकटाच पुस्तक उघडून बसतो. अडलं तर कुणाला विचारणार? सुरुवातीच्या काळात एक तर पत्र लिहायचं, नाही तर पुढच्या रविवारची वाट बघायची. तोवर अडलं काय होतं, तेच विसरून जायचं!

आमचा एक्केचाळीस जणांचा वर्ग

आमची पहिली शिकवणी संपली, तेव्हा एसटीत कंडक्टर असलेल्या एका भाऊंनी कागद फिरवला. "सगळ्यांनी नाव आणि मोबाइल नंबर लिहा. सुटे पैसे नसले तरी चालतील!" सगळे हसले. त्याच संध्याकाळी माझा मोबाइल वाजला, 'टिंग!' व्हॉट्सॲपवर आमचा गट तयार झाला होता. एक्केचाळीस माणसं!

कोण कोण होतं त्यात? सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक दादा. पंचवटीतल्या एक काकू, ज्यांची मुलगी त्याच वर्षी बारावीला होती. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागाईतदार. पोलिसातली एक ताई. आणि सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीताई. यांना नीट लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्यांचीच आहे.

एकदा रात्रपाळीवाल्या दादानं मधल्या सुटीत, रात्री दीड वाजता, अर्थशास्त्राची एक शंका लिहिली. आम्ही सगळे गाढ झोपेत. पहाटे पाच वाजता कंडक्टरभाऊ ड्यूटीला निघण्याआधी उठले, त्यांनी शंका वाचली आणि उत्तर लिहिलं. साडेसात वाजता दादा पाळी संपवून बाहेर पडला, तेव्हा उत्तर त्याची वाट बघत होतं! दोघं एकाच वेळी जागे नसूनही दोघांचं बोलणं झालं. फोन केला असता तर भाऊंची झोपमोड झाली असती. पत्र टाकलं असतं तर चार दिवस गेले असते. फोनचा वेग आणि पत्राची सवड या दोन्ही गोष्टी त्या एवढ्याशा निरोपात होत्या.

अंगणवाडीताईंना भराभर टाइप करता येत नसे. मग त्या धडा वाचून झाला, की त्याचा सारांश बोलून पाठवायच्या. मागे भाकरी थापल्याचा आवाज, मध्येच कोंबड्याची बांग, आणि ताई सांगतायत महाराष्ट्रातल्या समाजसुधारकांविषयी! काकू म्हणायच्या, "हिचा आवाज ऐकत भांडी घासली, की धडा पाठ होतो."

पण सगळंच गोड नव्हतं बरं का! रोज सकाळी फुलांची चित्रं आणि 'शुभ सकाळ'. तीस-चाळीस गुलाब! त्या गुलाबांच्या ढिगाखाली परीक्षेच्या अर्जाची तारीख कुठं तरी दबून जायची. शिवाय काही जण वर्षभर गप्प, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री एकच वाक्य, "महत्त्वाचे प्रश्न टाका ना कुणी तरी!" तुमच्या ताईच्या कपाळाला आठी का पडते, ते कळलं ना?

तार गेली, टिंग आलं

निरोप लवकर पोचावा, ही माणसाची धडपड फार जुनी आहे. तुमच्या आजी-आजोबांच्या काळात घाईचा निरोप तारेनं जायचा. तारेत शब्द मोजून पैसे, म्हणून मजकूर अगदी तुटक. 'आई आजारी. ताबडतोब निघा.' दारात तारवाला दिसला, की वाचायच्या आधीच बायका डोळ्यांना पदर लावायच्या. ही तारसेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आणि गंमत बघा, पुढच्याच महिन्यात 'टेलिग्राम' म्हणजे 'तार' याच नावाचं एक नवं ॲप सुरू झालं. आज मोठ्या फायली पाठवायला आणि स्पर्धा परीक्षेच्या टिपणांसाठी खूप विद्यार्थी ते वापरतात.

मधल्या काळात आला एसएमएस. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. त्यात फक्त नाताळच्या शुभेच्छा होत्या. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं मावायची १६०. पण देवनागरीत लिहिलं तर फक्त ७०! कारण आपल्या लिपीचं एकेक अक्षरचिन्ह साठवायला जास्त जागा लागते. त्यात बऱ्याच जुन्या मोबाइलवर देवनागरी उमटतच नसे. मग मुलं मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहू लागली. आता ती अडचण राहिलेली नाही, पण सवय काही गेली नाही.

या सवयीनं आमच्याकडे एकदा मोठी गंमत झाली. शिकवणीला उशीर झाला होता. एकानं दुसऱ्याला लिहिलं, 'वर्गात', आणि पुढे पी, ए, एल अशी तीन इंग्रजी अक्षरं. त्याला म्हणायचं होतं, 'वर्गात पळ!' दुसऱ्यानं वाचलं, 'वर्गात पाल'. आणि तो बिचारा पालीच्या भीतीनं अर्धा तास व्हरांड्यात उभा! सांगा बरं, 'ळ' हे अक्षर आपल्या आजोबांनी उगीच का जपलं?

व्हॉट्सॲप २००९ साली अमेरिकेत निघालं. जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन या दोघांनी ते काढलं. कूम हा मूळचा युक्रेनचा. सोळाव्या वर्षी तो आईबरोबर अमेरिकेत आला. २०१४ मध्ये फेसबुकनं ही कंपनी विकत घेतली. २०२० पर्यंत जगात २०० कोटींहून जास्त माणसं व्हॉट्सॲप वापरू लागली होती. आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, मोबाइलवरचं इंटरनेट एकदम स्वस्त झालं, आणि पाड्यापाड्यांवर 'टिंग' ऐकू येऊ लागलं.

एक खूण, दोन खुणा

आता निरोप जातो कसा, ते पाहू. समजा, तुम्ही नाशिकहून सुरगाण्याला निरोप धाडला. तो थेट समोरच्या मोबाइलवर जात नाही. आधी तो कंपनीच्या एका मोठ्या संगणकाकडे जातो. त्याला सर्व्हर म्हणतात. आपण त्याला पोस्ट ऑफिस म्हणू. निरोप तिथं पोचला, की तुमच्या मोबाइलवर बरोबरची एक बारीक खूण उमटते. समोरचा मोबाइल चालू असेल आणि त्याला रेंज असेल, तर पोस्ट ऑफिस लगेच निरोप पुढे देतं. मग दुसरी खूण उमटते. समोरच्यानं तो उघडला, की दोन्ही खुणा निळ्या होतात. (समोरच्यानं ही सोय बंद केली असेल, तर मात्र होत नाहीत.) आणि रेंजच नसेल तर? तर निरोप ३० दिवसांपर्यंत पोस्टात पडून राहतो.

मग पोस्टातला माणूस आपलं पत्र वाचत असेल का? नाही. २०१६ पासून हे निरोप कुलूपबंद पेटीत जातात. किल्ली फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मोबाइलमध्ये. मधल्या पोस्ट ऑफिसला पेटी पुढे देता येते, उघडता येत नाही.

गटात एक निराळा नियम आहे. गटातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर निरोप पोचला, तरच दुसरी खूण उमटते. चाळीस जणांना पोचला आणि एकाला नाही, तर खूण एकच राहते. आमच्या गटात अशी एक खूण कायम अडकलेली असायची. कुणामुळे? सुरगाण्याच्या ताईंमुळे. त्यांच्या पाड्यावर रेंज नव्हती. रोज संध्याकाळी अंगणवाडीचं काम आटोपून त्या मागची टेकडी चढायच्या. वर गेल्या, की दिवसभराचे निरोप धो-धो पावसासारखे मोबाइलवर कोसळायचे. आणि इकडे नाशिकला आमच्या निरोपांपुढे पटापट दुसरी खूण उमटायची. आम्ही म्हणायचो, "ताई टेकडीवर पोचल्या!"

ती संध्याकाळ

आता माझ्या चुकीची गोष्ट. ही सांगायला मला सोपं जात नाही, पण सांगते.

२०१८ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमची दुसऱ्या वर्षाची परीक्षा चालू होती. एका पेपरच्या आदल्या संध्याकाळी मला दुसऱ्याच एका गटातून एक फोटो आला. शिक्का असलेली सूचना. 'उद्याचा पेपर पुढे ढकलण्यात आला आहे. नवी तारीख नंतर कळवण्यात येईल.' मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माझा तो विषय कच्चा होता. मी क्षणभरही थांबले नाही. फोटो आमच्या गटात टाकला आणि खाली लिहिलं, 'मंडळी, झोपा निवांत!'

काय आश्चर्य! माझ्या निरोपापुढे ताबडतोब दुसरी खूण उमटली. परीक्षेची काही नवी सूचना आहे का, हे बघायला ताई नेमक्या तेव्हा टेकडीवर आल्या होत्या.

रात्री साडेदहाला पोलिसताईनं तो फोटो मोठा करून बघितला. शिक्क्याखाली बारीक अक्षरात तारीख होती. ती सूचना आधीच्या वर्षाची होती! तिनं लगेच लिहिलं, 'हे जुनं आहे. पेपर उद्या आहेच. सगळ्यांनी या.' आमची एकच धावपळ उडाली. मी पुस्तक शोधायला लागले. पण झोपण्यापूर्वी माझं लक्ष गेलं. पोलिसताईनं आपल्या निरोपाचा फोटो काढून गटात टाकला होता आणि विचारलं होतं, 'कोण राहिलंय?' त्या निरोपापुढे खूण एकच होती.

ताई टेकडी उतरून घरी गेल्या होत्या. खोटा निरोप त्यांना पोचला होता. खरा पोस्टात पडून होता.

मला ते कळलं का? कळलं. मी काही केलं का? खरं सांगते, नाही केलं. वाटलं, कळवेल कुणी तरी. गटात एक्केचाळीस माणसं होती, आणि चाळिसांनाही बहुतेक हेच वाटलं असावं. कंडक्टरभाऊंना सांगितलं असतं, तर सुरगाण्याला मुक्कामी गेलेल्या एसटीच्या कंडक्टरला त्यांनी निरोप दिला असता. हे मला सुचलं कधी? पेपर लिहून बाहेर आल्यावर.

ताईंचा बाक रिकामा होता. ताईंचा तो पेपर गेला. पुढच्या वर्षी पुन्हा फी भरून तो द्यावा लागणार होता.

पुढच्या पेपरला त्या आल्या. मी माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाई, दुसऱ्या कुणी पाठवलं असतं ना, तर मी खालच्या गावात उतरून चार ठिकाणी विचारलं असतं. तुम्ही पाठवलंत, म्हणून विचारलं नाही."

मुलांनो, कुणी छडी मारली असती तरी मला एवढं लागलं नसतं.

कानगोष्टी आणि फॉरवर्ड

तुम्ही कानगोष्टीचा खेळ खेळलाच असाल. पहिल्यानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं 'काकांनी काकडी कापली', आणि विसाव्याच्या तोंडून निघतं 'काकूंनी लाकडी ढापली'! सगळे हसतात, कारण वाटेत काही तरी बिघडलंय हे लगेच समजतं. मोबाइलवरच्या फॉरवर्डचं तसं नसतं. हजार माणसांच्या हातून गेला, तरी त्याची वेलांटीही हलत नाही. शिक्का तसाच, सही तशीच. म्हणून तो खरा वाटतो. पण मुळातच खोटा किंवा जुना असेल, तर? तर तो खोटेपणाही जसाच्या तसा पुढे जातो. आणि दर वेळी त्याला पाठवणाऱ्याच्या नावाचा एक नवा शिक्का बसतो. त्या संध्याकाळी माझ्या नावाचा बसला होता.

आमचा तर एक पेपर गेला. पण त्याच वर्षी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात फार वाईट घडलं. 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या भटक्या समाजातले पाच जण त्या गावात आले होते. जमावाला वाटलं, हीच ती टोळी. पाचही जणांचा जीव गेला. त्यांनी कुणाचंच मूल पळवलं नव्हतं. त्याच रात्री आपल्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावातही अशाच अफवेनं जमाव एका कुटुंबावर धावून गेला. सुदैवानं पोलिसांनी त्यांना वाचवलं.

यानंतर व्हॉट्सॲपनं काही बदल केले. पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली. भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असं बंधन जुलै २०१८ मध्येच आलं. २०१९ मध्ये ते सगळ्या जगाला लागू झालं. खूप जणांच्या हातून फिरून आलेल्या निरोपावर आता दोन बाण दिसतात, आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. दोन बाण दिसले, की समजायचं, हा पाहुणा फार दारं फिरून आलाय. पाणी द्यायच्या आधी गाव विचारायचं!

आमचे तीन नियम

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच रविवारी आम्ही अभ्यासकेंद्राबाहेर चहा घेत तीन नियम ठरवले.

पहिला नियम : सूचना टाकायची, तर ती कुठून आली आणि कधीची आहे, ते लिहायचं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर किंवा केंद्राच्या फलकावर स्वतः पाहिली असेल, तरच 'खात्री केली' असं लिहायचं.

दुसरा नियम : परीक्षेच्या महिन्यात गुलाब बंद!

तिसरा नियम : प्रत्येकाला एक जोडीदार. आपल्या जोडीदाराला निरोप पोचला का, हे आपण बघायचं. नसेल पोचला, तर फोन, शेजारी, एसटी, काहीही करून पोचवायचा.

ताईंची जोडीदार कोण झाली असेल? ओळखलंत! मी कंडक्टरभाऊंकडून सुरगाण्याच्या गाड्यांचं वेळापत्रकच लिहून घेतलं. वर्षभरात तीन वेळा चिठ्ठी एसटीनं गेली आणि तीनही वेळा ताईंना पोचली. २०१९ मध्ये ताईंनी तिसऱ्या वर्षाच्या सगळ्या पेपरांबरोबर तो राहिलेला पेपरही दिला आणि त्या पास झाल्या. त्या संध्याकाळी टेकडीवरून त्यांनी एक निरोप बोलून पाठवला. फक्त हसण्याचा आवाज होता त्यात. आणि मागे वारा.

पुढच्याच वर्षी करोना आला, २०२० च्या मार्चपासून शाळा बंद झाल्या, आणि तुमच्या शाळेचा अभ्यासही मोबाइलवर येऊ लागला. तेव्हा तुम्ही लहान असाल. आता पाठवणारी मी होते. माझ्या वर्गाच्या पालकांचा गट केला, तेव्हा मी रोज रात्री आधी काय बघायची, ठाऊक आहे? किती जणांनी 'छान' लिहिलं ते नव्हे, तर कुणाकडे निरोप पोचलाच नाही ते. काहींच्या घरी एकच मोबाइल, तोही बाबांबरोबर शेतावर. काहींकडे तोही नाही. त्यांच्याकडे मी वही घेऊन चालत गेले. हे मला ताईंनी शिकवलं होतं.

तुम्ही करून पाहा

व्हॉट्सॲपच्या नियमानं तेरा वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं काढता येत नाही. म्हणून आई-बाबांना एक विनंती : मुलांना मोबाइल देण्याची घाई करू नका. पण तुमच्या मोबाइलवर आलेला एखादा संशयास्पद फॉरवर्ड त्यांना मुद्दाम दाखवा आणि त्यांच्याबरोबर तपासा. आपले आई-बाबा पुढे पाठवण्याआधी थांबतात, हे मुलांनी पाहिलं, की वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक खेळ. मधल्या सुटीत वीस जण गोल बसा. आधी एक वाक्य कानगोष्टीनं फिरवा. मग दुसरं एक वाक्य चिठ्ठीवर लिहून फिरवा. चिठ्ठीवर लिहा, 'उद्या शाळेला सुटी आहे.' कानगोष्ट बिघडेल, चिठ्ठी जशीच्या तशी परत येईल. आता मोजा, वीस जणांपैकी किती जणांनी विचारलं, "हे कुणी सांगितलं? कधी सांगितलं? खरं आहे का?"

एकानंही विचारलं, तर त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. आणि कुणीच विचारलं नाही, तर मला सुरगाण्याच्या ताई आठवतील. तुम्हीही त्यांना आठवा, आणि खेळ पहिल्यापासून खेळा.